शामान, खूमेई आणि 'ध्वनिउपचार': यात तुवाचं खरं किती?

पाऊलवाट

नमस्कार मंडळी. मागच्या वर्षी माझा धाकटा भाऊ अपघातात गेला. तेव्हापासून झोप उडालीय. डॉक्टरांची औषधं आणि समुपदेशन दोन्ही सुरू आहे, त्याबद्दल काही तक्रार नाही. मैत्रिणीने फारच आग्रह केला म्हणून 'शामानिक थ्रोट सिंगिंग'च्या एका सत्राला गेले. अंधारलेल्या खोलीत आम्ही सगळे डोळे मिटून आडवे. मध्ये एक गृहस्थ कातड्याचं मोठं चपटं वाद्य संथ लयीत वाजवत होते आणि घशातून असा खोल, घरघरता स्वर काढत होते की तो कानांआधी बरगड्यांना जाणवला. मग त्याच स्वरावर वरून शीळ सुरू झाली. एक माणूस, एक श्वास, आणि दोन स्वर! मी हमसून हमसून रडले. त्या रात्री कित्येक महिन्यांनी सलग झोप लागली.

नंतर सांगण्यात आलं की सायबेरियातल्या तुवा प्रदेशातले शामान, म्हणजे आत्म्यांशी बोलणारे तिथले मांत्रिक, हजारो वर्षं याच आवाजाने रोग बरे करत आले आहेत, एकेक स्वर एकेका अवयवावर काम करतो, आणि पुढचा अभ्यासक्रम केला तर औषधं हळूहळू सुटतील. हे शेवटचं ऐकून मी थबकले.

मला विचारायचंय ते असं. ही खरोखर तिथल्या शामानांची उपचारपद्धत आहे का? मी लहानपणी काही वर्षं शास्त्रीय गाणं शिकले आहे, खर्जाची सवय आहे. हे शिकायला घेतलं तर गळ्याला इजा होईल का? आणि मला जे वाटलं, ते नेमकं काय होतं? कुणी जाणकार असेल तर कृपया सविस्तर लिहा.

मंद्रसप्तक

पाऊलवाट, भावाबद्दल वाचून फार वाईट वाटलं. आधी औषधांचं बोलते. ती तुमच्या डॉक्टरांखेरीज कुणाच्याही सांगण्यावरून कमी करू नका. तसं सुचवणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका, मग त्याचा आवाज कितीही चांगला असो.

मी वाचा-उपचारतज्ज्ञ आहे, रोजचं काम बिघडलेल्या आवाजांचं. खूमेई, म्हणजे तुवाचं हे घशातून गायचं गाणं, पहिल्यांदा ऐकली तेव्हा हे गळ्यात घडतं तरी कसं, हा प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना. शेवटी एका उन्हाळ्यात तुवाच्या राजधानीत, किझिलला, शिकायला जाऊन राहिले. म्हणून जरा लांबण लावते.

तुवा हे दक्षिण सायबेरियातलं, मंगोलियाला लागून असलेलं रशियातलं प्रजासत्ताक. १९२१ ते १९४४ या काळात तो वेगळा देश होता, मग सोव्हिएत संघात गेला. किझिलला दोन नद्यांचा संगम होतो आणि तिथून पुढे येनिसेई वाहते. माणसं पिढ्यान् पिढ्या मेंढरं, घोडे, याक राखणारी. खूमेई ही त्या गुराख्यांची कला. तिथे मला भेटलेल्या जवळजवळ प्रत्येकाने ही गोष्ट आवर्जून सांगितली, बहुधा परदेशी माणूस दिसला की तो शामान शोधत आलाय हे त्यांनी गृहीतच धरलेलं असतं.

माझ्या शिक्षकांचं अर्धं आयुष्य गुरांमागे गेलेलं. सुरुवातीला त्यांनी मला गाऊच दिलं नाही. शहराबाहेरच्या एका दरीत न्यायचे, उभं करायचे आणि विचारायचे, काय ऐकू येतं? मी म्हणायचे, वारा आणि पाणी. "पाणी कुठलं? दगडावरून पडतंय ते, की दगडाखालून जातंय ते?" दोन्ही वेगवेगळे ऐकू येईपर्यंत ते स्वस्थ बसून राहायचे. मग स्वतः उठायचे, समोरच्या कड्याकडे तोंड करायचे, एक बारीकशी हाक टाकून बघायचे, दोन पावलं डावीकडे सरकायचे, पुन्हा हाक. कड्याने आवाज मनासारखा परत दिला की मगच गाणं. तिथल्या श्रद्धेप्रमाणे प्रत्येक डोंगराला, नदीला, खिंडीला तिचा धनी असतो, आणि हे गाणं त्या धन्यासाठी असतं. म्हणजे त्यात भक्तिभाव नाही असं अजिबात नाही. पण समोर रोगी नसतो, डोंगर असतो.

आता तुम्ही जे दोन स्वर ऐकलेत त्याबद्दल. गाणं शिकला आहात, त्यामुळे सोपं जाईल. तंबोरा सुरात लागला की खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो, तो त्या तारेच्या अनेक स्वरांशांपैकी (मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा कंपनांच्या, त्यात मिसळलेल्या स्वरांपैकी) एक. आपल्या गळ्यातल्या प्रत्येक स्वरातही असे स्वरांश असतातच, फक्त ते वेगळे ऐकू येत नाहीत. तुवाचा गायक जीभ, ओठ आणि घशाचा मागचा भाग अशा कोनात आणतो की त्यातला एकच स्वरांश उजळून निघतो. २०२० साली 'हून-हूर-तू' या तुवातल्या प्रसिद्ध गटाच्या गायकांच्या आवाजाचं विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात दिसलं की मुखपोकळीतली दुसरी आणि तिसरी अनुनादकेंद्रं (आवाज जिथे जास्त घुमतो त्या कंपनसंख्या), जी बोलताना एकमेकींपासून लांब असतात, ती हे गायक जवळ आणून साधारण १५०० ते २००० हर्ट्झच्या अरुंद पट्ट्यात एकत्र करतात. मूळ स्वर १६५ हर्ट्झ धरला तर दहावा स्वरांश १६५० ला येतो आणि बारावा १९८० ला, दोन्ही त्याच पट्ट्यात. हा शिळेसारखा प्रकार म्हणजे सिगित. त्यात आठवा, नववा, दहावा, बारावा हे स्वरांश लागतात, सातवा आणि अकरावा सहसा टाळतात. मांडून बघा: सा, रे, ग, प. भूपाच्या वाटेवरच की!

बरगड्यांना जाणवला तो प्रकार म्हणजे कार्गिरा. खऱ्या स्वरतंतूंच्या वर आणखी एक घड्यांची जोडी असते, तिला खोटे स्वरतंतू म्हणतात. एरवी त्या घड्या गप्प असतात. कार्गिरात त्या खऱ्या तंतूंच्या निम्म्या गतीने कंप पावतात, म्हणून स्वर बरोबर एक सप्तक खाली ऐकू येतो. माझ्याकडे खोट्या स्वरतंतूंनी बोलणारा माणूस आला तर मी कागदावर विकार म्हणून नोंद करते. तीच हालचाल ताब्यात ठेवून, हवी तेव्हा सुरू आणि हवी तेव्हा बंद करणारी माणसं पाहून माझी माझ्या विषयाकडे बघायची नजर बदलली.

मग शामान काय करतात? त्यांचं मुख्य साधन ढोल, म्हणजे दुंगुर. कातडं आधी शेकोटीशी धरून तापवतात, त्याशिवाय ते ताणत नाही. वाजवायची काठी म्हणजे ओर्बा. सोबत काशाचा आरसा असतो, कौल लावायला ४१ खडे असतात, धुपासाठी जुनिपरची पानं. आणि तोंडी असतात अल्गिश, म्हणजे आळवणीची पदं. ती शब्दांची असतात, त्या त्या माणसासाठी तिथल्या तिथे बांधलेली. मधूनच कावळा, घुबड, लांडगा यांचे आवाज. तुवातले अभ्यासक मोंगुश केनिन-लोप्सान (१९२५–२०२२) यांनी ही पदं आयुष्यभर गोळा केली.

मी ज्या घरी राहत होते तिथल्या आजींचे यजमान नुकतेच गेले होते. तुवात माणूस गेल्यावर सातव्या आणि एकोणपन्नासाव्या दिवशी शामानाला बोलावतात. त्या एकोणपन्नासाव्या दिवशी त्यांनी मलाही नेलं. गावाबाहेर लाकडं रचून त्यावर आजोबांच्या आवडीचं खाणं ठेवलं आणि पेटवलं. शामान बाईंनी आधी त्यांचं नाव, वय, कसे गेले, कुणाशी काही बोलायचं राहिलं होतं का, सगळं विचारून घेतलं. मग बराच वेळ ढोल. मग त्या थांबल्या आणि आजोबांच्या वतीने एकेकाशी बोलू लागल्या. आजींनी विचारलं, घोडी विकली म्हणून रागावलात का? उत्तर मिळालं: घोडीचं ठीक आहे, खोगीर मात्र नातवाला द्या. आजी रडल्या आणि तिथल्या तिथे नातवाला बोलावून तसं सांगितलं. त्या सगळ्या विधीत खूमेई एकदाही नव्हती.

म्हणून तुम्हाला एक विचारते, उत्तर इथे द्यायलाच हवं असं नाही. त्या सत्रात तुमच्या भावाचं नाव कुणी विचारलं का?

रानवारा

मंद्रसप्तक, फार सुंदर लिहिलंत. मी श्वसनविकारांच्या विभागात काम करतो, म्हणून "मला वाटलं ते काय होतं" एवढ्यापुरतं लिहितो.

२००१ साली इटलीत २३ निरोगी माणसांवर एक प्रयोग झाला. जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे हुम्' हा मंत्र, दोन्ही म्हणताना श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहावर आली, आणि हृदयाची व रक्तदाबाची लय त्या श्वासाशी जुळली. संथ लयीतला लांब स्वर ऐकत पडलं की ऐकणाराही नकळत सावकाश श्वास घेऊ लागतो. त्यात अंधार, आडवं पडणं, आजूबाजूला माणसं आणि रडण्याची मोकळीक. महिनोन् महिने ताणलेलं शरीर अशा वेळी सैल पडतं, झोप लागते. ते खरंच घडलं तुमच्या बाबतीत, त्याला कमी लेखू नका. पण अमुक स्वर यकृतावर आणि तमुक मूत्रपिंडावर या म्हणण्याला काहीही आधार नाही. त्यावर पैसे घालवू नका.

कानसेन

चर्चा आवडली. एक वेगळी बाजू मांडतो. खूमेई गुराख्यांची आणि ढोल शामानांचा, अशी रेघ इतकी ठळक आहे का? शेजारच्या अल्ताईत घशातून गायची जी रीत आहे तिला काय म्हणतात. ('का' वर जोर द्या, प्रश्नार्थक 'काय' नव्हे!) तिथले कायची दोन तारांच्या तोपशूरवर रात्र रात्र महाकाव्य गातात. अलेक्सेई काल्किन (१९२५–१९९८) यांच्याकडून उतरवून घेतलेलं 'माआदाय-कारा' सात हजारांहून जास्त ओळींचं आहे. पूर्वी शिकारी रानात जाताना कायचीला सोबत नेत, रात्री शेकोटीपाशी त्याने गायचं आणि रानाच्या धन्याने खूश होऊन शिकार द्यायची. ज्याच्यावर अशा अदृश्य शक्तीची कृपा आहे असा कायची वेगळा मानला जाई. हे शामानाच्या अगदी शेजारी येतं की. तुवातलेच निकोलाय ओर्झाक गायकही आहेत आणि शामानही, ते कंठगायनाने उपचार शिकवतात. मग या दोन गोष्टी वेगळ्याच आहेत असं कसं म्हणणार?

मंद्रसप्तक

कानसेन, मुद्दा रास्त आहे. अल्ताईच्या कायचींबद्दल लिहिलंत त्याबद्दल आभार. रेघ पुसट आहेच. तुवातले शामान मोर्चंगासारखं खोमुसही वाजवतात, आणि तेही मुळात सगळ्यांच्याच हातातलं वाद्य. ओर्झाक यांनी दोन्ही वाटा एकत्र आणल्या तो त्यांचा स्वतःच्या परंपरेतला अधिकार आहे, त्यावर मी बाहेरून काय बोलणार? माझं भांडण आहे ते 'हजारो वर्षांची शामानांची उपचारपद्धत' असं सांगून विकण्याशी.

हे असं एकत्र कसं झालं, ते मला महत्त्वाचं वाटतं. १९३० च्या दशकात तुवात शामानांवर वरवंटा फिरला. ढोल हिसकावून घेतले, कित्येकांना तुरुंगात टाकलं. जे उरले ते लपूनछपून, रात्री, दार लावून विधी करत. खूमेईला मात्र 'लोककला' म्हणून रंगमंच मिळाला, पोशाख मिळाले, दौरे मिळाले. एकाच मातीतल्या दोन गोष्टी, एक उजेडात आणि एक अंधारात, अशी पन्नासेक वर्षं गेली. तिकडे पश्चिमेत १९६८ साली जर्मन संगीतकार श्टॉकहाउझेन यांनी सहा गायकांसाठी निव्वळ स्वरांशांवर उभी असलेली रचना केली, १९७५ साली न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड हाइक्स यांनी स्वरांश गाणारं गायकवृंद काढलं, आणि ध्यान, उपचार हे शब्द या आवाजाला जोडले जाऊ लागले. सोव्हिएत संघ कोसळल्यावर तुवाची दारं उघडली. 'हून-हूर-तू' १९९२ मध्ये उभा राहिला आणि जगभर गाऊ लागला. त्याच सुमारास किझिलमध्ये केनिन-लोप्सान यांनी शामानांची 'दुंगुर' ही संस्था उभी केली, १९९३ मध्ये अमेरिकेतून शामानविद्येचे अभ्यासक तिथे आले. बाहेरच्या माणसाला दोन्ही गोष्टी एकाच वेळी, एकाच शहरात दिसल्या. त्याने त्या एकत्र बांधून नेल्या, यात दुष्टावा नसेलही. पण ज्या शामानांचे ढोल जाळले गेले त्यांचं नाव वापरताना निदान ते काय करत होते एवढं तरी ठाऊक असावं, असं मला मनापासून वाटतं.

पाऊलवाट

सगळ्यांचे आभार. मंद्रसप्तक, तुमचा तो प्रश्न दोन दिवस मनात घेऊन फिरते आहे. नाही, कुणीच विचारलं नाही. त्यांना माझंही नाव माहीत नव्हतं. आजींची गोष्ट आईला वाचून दाखवली. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, त्याची सायकल अजून तशीच आहे, ती कुणाला द्यायची ते आपण बसून ठरवू. वर्षभर तिने तो विषय काढू दिला नव्हता.

अभ्यासक्रमाला नाव घालणार नाही, हे ठरलं. गाणं मात्र शिकावंसं वाटतं, फक्त गाणं म्हणून. गळ्याचं तेवढं सांगाल का? आणि मी कुठेतरी वाचलं की बायकांना तिथे मनाई असते, ते खरं का?

मंद्रसप्तक

आईंचं वाचून फार बरं वाटलं. सायकलचं ठरलं की कळवा.

मनाई होती, आणि काही घरांत अजूनही आहे. बाईने गायलं तर तिला मूल होणार नाही, घरच्या पुरुषांचं वाईट होईल, असा समज. १९९८ साली चोदुरा तुमात यांनी 'तिवा किझी' हा फक्त स्त्रियांचा गट काढला. आज तुवातल्या मुली शिकतात, रंगमंचावर गातात. माझे शिक्षक मला शिकवायला लगेच तयार झाले, आजी मात्र मी घरात सराव केलेला चालवून घेत नसत, नदीवर जा म्हणायच्या. मी जायचे. त्यांच्या घरात त्यांचं ऐकायचं.

आता गळा. कार्गिरापासून सुरुवात करू नका, कितीही मोह झाला तरी. खोटे स्वरतंतू जवळ आणायच्या नादात नवशिका माणूस खरे तंतूच आवळतो, मग खोकला, खवखव आणि दुसऱ्या दिवशी बसलेला आवाज. तो समोर बसलेल्या गुरूकडूनच शिकावा.

स्वरांश ऐकण्यापासून सुरू करा. तंबोरा लावून तुमच्या सोयीच्या षड्जावर, हलक्या आवाजात 'ऊ' धरा आणि श्वास संपेपर्यंत अतिशय सावकाश 'ई' कडे या. ओठ जवळजवळ मिटलेलेच ठेवा. वाटेत वरच्या बाजूला एक बारीक सूर जिना चढल्यासारखा सरकताना ऐकू येईल. आधी फक्त तो ऐका, पकडायला जाऊ नका. तो रोज ऐकू येऊ लागला की जिभेचं टोक 'ल' म्हणताना असतं तसं दातांमागे टेकवा, जिभेच्या कडा हिरड्यांना सगळीकडून चिकटवा आणि मागे दाढेपाशी एकाच बाजूला बारीकशी फट ठेवा. हवा तिथूनच जायला हवी. जिभेचं मधलं अंग किंचित वर-खाली केलं की सूर बदलतो. सिगितची जीभ ती हीच. बायकांचा मूळ स्वर उंच असल्याने हाती येणारे स्वरांश कमी असतात, म्हणून षड्ज नेहमीपेक्षा थोडा खाली घ्या. खर्जाची सवय इथे उपयोगी पडेल.

सुरुवातीला दहा मिनिटं पुरेत. मध्ये कोमट पाणी. दुखलं, खाजलं, खोकला आला तर त्या दिवसापुरतं थांबायचं. आम्लपित्ताचा त्रास असेल तर जेवल्याबरोबर अजिबात नको. दोन-तीन आठवड्यांहून जास्त आवाज बसलेला राहिला तर घरगुती काढे करत न बसता कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने स्वरयंत्र बघून घ्या. आणि झोपायच्या वेळी सराव करू नका, निदान पहिले काही महिने. त्यात डोकं फार जागं राहतं, तुम्हाला तर झोप हवी आहे. त्या वेळी नुसतं ऐका. 'हून-हूर-तू' पासून सुरुवात करा, दिवे मालवून, आवाज बेताचा ठेवून.